ओसरी आणि माजघर : घरातील दवाखान्याची मर्यादा

वैद्याचे घर आणि वैद्याचा दवाखाना आपल्याकडे पूर्वापार एकत्र नांदत आले आहेत. जुन्या वाड्यांची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सहज आठवेल. रुग्ण ओसरीवर येऊन बसत. वैद्य तेथेच सतरंजीवर बसून नाडी पाहत, प्रश्न विचारीत आणि लगतच्या खोलीतील बरण्यांतून औषध काढून पुड्या बांधून देत. ओसरीच्या आत माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर आणि देवघर. रुग्ण कितीही जुना, कितीही मानाचा असला तरी बोलावल्यावाचून माजघरात पाऊल टाकीत नसे. ही मर्यादा कोठे पाटीवर लिहिलेली नव्हती. ती घराच्या बांधणीतच होती. म्हणून ती पाळताना वैद्याला कोणाचे मन दुखवावे लागत नसे.

आज ओसरी राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत, शहरात दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेच्या दिवाणखान्यात आपल्यापैकी अनेकांचा दवाखाना चालतो. कोणाला वेगळ्या गाळ्याचे भाडे परवडत नाही, कोणाच्या घरी तान्हे मूल किंवा वृद्ध आईवडील असतात, तर कोणाचा वडिलोपार्जित व्यवसायच घरातून चालत आलेला असतो. औषधालयांच्या मालकांची स्थितीही पुष्कळदा अशीच असते : खाली दुकान, वर बिऱ्हाड. यात कमीपणा मुळीच नाही. भाडे वाचते, येण्याजाण्याचा वेळ वाचतो, घरच्यांकडे लक्ष राहते. परंतु ओसरी गेली तेव्हा माजघरही उघडे पडले, हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. जी मर्यादा पूर्वी भिंती सांभाळीत होत्या ती आता नियमांनी सांभाळावी लागते. नोकरदाराला कामाचे तास व सुट्टीचे वार दुसरा कोणी ठरवून देतो. स्वतंत्र व्यावसायिकाला ते स्वतःलाच ठरवावे लागतात. ते कसे ठरवावेत आणि शास्त्राचे त्यास कितपत पाठबळ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वेगांचा विपर्यास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मूत्र, पुरीष, क्षुधा, पिपासा, निद्रा आदी तेरा वेग धारण करू नयेत, हे आपण दररोज दहा रुग्णांना सांगतो. आता हा उपदेश करणाऱ्या वैद्याचाच दिवस पाहू. सकाळची वेळ साडेबाराला संपते असे पाटीवर लिहिलेले असते. प्रत्यक्षात शेवटचा रुग्ण अडीचला उठतो. पान वाढून ठेवलेले असते, तेवढ्यात दारावरची घंटा वाजते. ‘फक्त एकच विचारायचे होते’ असे म्हणत आलेले गृहस्थ वीस मिनिटे बसतात. सलग रुग्ण असल्यामुळे मूत्रवेग तासभर अडवून धरलेला असतो. रात्री अकराला डोळा लागतो आणि साडेअकराला दूरध्वनी वाजतो : ‘उद्या लग्नाला जायचे आहे, दही चालेल का?’

क्षुधावेग धारण केल्याने कार्श्य, दौर्बल्य, वैवर्ण्य, अंगमर्द, अरुची आणि भ्रम ही लक्षणे सांगितली आहेत. निद्रावेग धारण केल्याने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग आणि अक्षिगौरव. ही यादी कोणा रुग्णाच्या पत्रिकेवर न शोधता घरी व्यवसाय करणाऱ्या आपल्या पाच समवयस्क स्नेह्यांत शोधावी. मला वाटते, फार शोधावे लागणार नाही. अवेळी आणि कमीअधिक खाणे यास शास्त्र विषमाशन म्हणते. पंधरा वर्षे विषमाशन करणाऱ्या वैद्याने रुग्णास अग्निरक्षणाचा उपदेश करावा, हा प्रकार रुग्णाच्याही नजरेतून सुटत नाही.

त्याच अध्यायात आचार्यांनी धारण करावयाचे वेगही सांगितले आहेत. त्यांत लोभ, भय आणि मान ही नावे आहेत. घरच्या दवाखान्याची मर्यादा मोडते ती बहुधा या तिघांमुळेच. आलेला रुग्ण परत पाठविला तर तेवढे उत्पन्न बुडेल, हा लोभ. तो समोरच्या डॉक्टरांकडे जाईल आणि परत येणार नाही, हे भय. ‘माझ्यावाचून याचे चालत नाही, रात्री बारालाही मलाच विचारतात’ यात वाटणारे सूक्ष्म सुख, हा मान. या तिसऱ्याविषयी आपण फारसे बोलत नाही, पण तोच सर्वांत चिवट असतो. म्हणजे जे वेग सोडावयाचे ते आपण धरून ठेवतो आणि जे धरावयाचे ते मोकळे सोडतो. घरातील व्यवसायाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विपर्यासात आहे. हित कशात आहे हे बुद्धीला कळते, पण नियमन करणारी धृती ढळते. याला प्रज्ञापराधाखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

शास्त्र काय मागते?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतलाच पाहिजे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात उठता-बसता सर्व अंतःकरणाने रुग्णाच्या आरोग्यासाठी झटावे, स्वतःच्या जीवितासाठीही रुग्णाचा द्रोह करू नये, असा आदेश आहे. मग दुपारी दार लावून घेणारा वैद्य हा आदेश मोडीत नाही काय?

मला तसे वाटत नाही. आदेश सर्व अंतःकरणाने झटण्याचा आहे, दार अहोरात्र उघडे ठेवण्याचा नाही. उपाशी, अर्धवट झोपेतला, एका कानाने घरच्यांचे आणि दुसऱ्या कानाने रुग्णाचे ऐकणारा वैद्य सर्व अंतःकरणाने चिकित्सा करू शकत नाही. मात्रा चुकते ती अशाच वेळी. अनुपान सांगायचे राहते, मधुमेही रुग्णाला गुळाचा अवलेह दिला जातो, पूर्वी दिलेल्या रसकल्पाचा कालावधी संपला की नाही हे पाहायचे राहून जाते. त्या क्षणी मोडते ते रुग्णाचे हित. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तीन एषणा सांगताना प्राणैषणा पहिली ठेवली आहे, धनैषणा तिच्या नंतर. प्राण गेले की सर्वच गेले, हे त्यामागील कारण वैद्यालाही तितकेच लागू पडते. त्याच संहितेने वैद्याची वृत्ती चतुर्विध सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती, आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा. करुणेचा उपदेश करणाऱ्या आचार्यांनीच, वैद्याने स्वतःस कोठे आवरावे हेही त्याच श्वासात सांगितले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आणखी एक मुद्दा. चिकित्सेचे चार पाद सांगताना रुग्णाच्या गुणांत निर्देशकारित्व, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे, हा गुण गणला आहे. जो रुग्ण दवाखान्याची वेळ पाळावयास शिकतो तो औषधाची वेळही पाळावयास शिकतो. वेळेची शिस्त हा पथ्याचाच पहिला धडा समजावा.

कालमर्यादा

नियमांचा आरंभ वेळेपासून करावा. पाटीवरील वेळ ही रुग्ण येण्याची वेळ आहे की वैद्याने उठण्याची, याचा खुलासा बहुतेक पाट्यांवर नसतो. सकाळी ९.३० ते १२.३० अशी वेळ असेल तर शेवटचा क्रमांक १२ वाजता द्यावा आणि तसे पाटीवरच लिहावे. नव्या रुग्णाच्या सविस्तर परीक्षणाला अर्धा तास लागत असेल तर असे रुग्ण सत्राच्या आरंभी, वेळ ठरवून बोलवावेत. शेवटच्या दहा मिनिटांत आलेल्या नव्या रुग्णाला न्याय देता येत नाही.

भोजनाची वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळी दाराची घंटा बंद करता यावी अशी सोय असावी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी. सुट्टीचा वार गावच्या बाजाराचा दिवस पाहून ठरवावा. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून लोक येतात, त्या दिवशी दवाखाना बंद ठेवणे त्यांना अडचणीचे होते. रात्री एखाद्या रुग्णासाठी जागरण घडलेच तर वाग्भटाचार्यांनी त्याचा उताराही सांगितला आहे : जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोप घ्यावी. चार तास जागरण झाले असेल तर दोन तास. त्या दिवशी दवाखाना एक तास उशिरा उघडेल असा फलक दारावर लावण्यात काहीही गैर नाही. कारण कळले तर रुग्ण रागावत नाहीत. उलट रात्री वैद्य कोणासाठी तरी जागले, याचा त्यांना आदरच वाटतो.

देशमर्यादा

जागा लहान असली तरी तिचे दोन भाग करता येतात. स्वतंत्र दार असेल तर उत्तमच. नसेल तर निदान एक पडदा, एक कपाट आडवे लावून केलेला आडोसा, आणि रुग्णांच्या चपला कोठवर याव्यात याची ठरलेली जागा एवढे तरी असावे. खोकणारा रुग्ण ज्या खुर्चीवर सकाळी बसतो तिच्यावरच संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसणार असेल तर ती मांडणी बदलली पाहिजे. रुग्णांसाठीच्या खुर्च्या, पाण्याचे भांडे, हात पुसण्याचा पंचा हे सर्व वेगळे ठेवावे.

जागेचा प्रश्न गुप्ततेशीही जोडलेला आहे. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, असा विमानस्थानातील त्याच उपदेशात आदेश आहे. आज रुग्ण आपल्या घरी येतो म्हणून तो आदेश सैल होत नाही. उलट अधिक काटेकोर होतो. रजोदोष, वंध्यत्व, शुक्रदोष, व्यसन यांविषयी रुग्ण बोलत असताना पलीकडे स्वयंपाकघरात कोणी ऐकत आहे, असे त्याला वाटले तर तो खरे सांगणार नाही; आणि निदान तेथेच फसेल. रुग्णपत्रिका घरच्यांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद कपाटात असाव्यात. स्त्री रुग्णाच्या परीक्षणाच्या वेळी तिची नातेवाईक किंवा परिचारिका उपस्थित असावी. त्यासाठी पत्नीला हातातले काम टाकून दर वेळी बोलावणे ही व्यवस्था होऊ शकत नाही.

घरी रक्तमोक्षण, बस्ती, व्रणकर्म करणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा पाळावयाची आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ हे लहान दवाखान्यांनाही लागू आहेत. वापरलेल्या सुया, रक्ताचा कापूस, बस्तीची नळी घरच्या केराच्या डब्यात जाता कामा नये. आपल्या घरचा केर उचलणाऱ्या व्यक्तीच्या हाताला ती सुई लागते, याचा विचार करावा.

दूरध्वनी आणि संदेश

भिंती नसलेले आणि रात्रंदिवस उघडे असलेले दार म्हणजे भ्रमणध्वनी. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत दूरध्वनीवरून सल्ला देणे हा आपला धर्मच होता. त्या काळी केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यावसायिकांसाठी दूरवैद्यक सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. रुग्णाची ओळख पटविणे, संमती, नोंद ठेवणे आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज आहे की नाही हे वैद्याने स्वतःच्या विवेकाने ठरविणे, हा त्यांचा गाभा आहे. टाळेबंदी उठली, पण सवय उठली नाही. जिभेचे छायाचित्र, त्वचेवरील चट्ट्याचे छायाचित्र, सोनोग्राफीचा अहवाल आणि खाली ‘काय घेऊ?’ असा दोन शब्दांचा प्रश्न, हे आता सर्वांच्याच परिचयाचे झाले आहे.

यात वेळ किती जातो याचा साधा हिशेब करावा. दिवसाला असे दहा प्रश्न आणि प्रत्येकाला सहा मिनिटे धरली तर रोजचा एक तास होतो. महिन्याचे २६ दिवस काम धरले तर २६ तास; म्हणजे आठ तासांचे तीन दिवस पूर्ण करून वर दोन तास. एवढी सेवा द्यावयाची तर ती ठरवून, नोंद ठेवून द्यावी; जेवता जेवता अंगठ्याने टंकलेल्या उत्तरातून देऊ नये.

त्यासाठी चार गोष्टी कराव्यात. दवाखान्याचा क्रमांक वेगळा असावा आणि तो यंत्रासह दवाखान्यातच राहावा. दूरध्वनीवर बोलण्याची वेळ, उदाहरणार्थ दुपारी ४ ते ४.३०, रुग्णपत्रिकेवर छापावी. नव्या तक्रारीसाठी संदेशावर औषध सांगू नये. ‘आपण प्रत्यक्ष तपासणीसाठी यावे, पाहिल्याशिवाय औषध सांगणे आपल्या हिताचे नाही’ एवढे उत्तर पुरते. आणि जो सल्ला दूरध्वनीवर दिला त्याची ओळभर नोंद त्या रुग्णाच्या पत्रिकेत त्याच दिवशी करावी.

नि:शुल्क सल्ल्याची जबाबदारी नसते, असा एक गैरसमज आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचे ठरविले. जेथे काहींकडून शुल्क घेतले जाते आणि काहींना सेवा विनामूल्य दिली जाते, तेथील विनामूल्य रुग्णही त्या कक्षेतून सुटत नाही. शेजाऱ्याला जिन्यात दिलेला सल्लाही आपण वैद्य म्हणूनच देत असतो, याचे भान असावे.

औषधांचे कपाट

हा मुद्दा वैद्य आणि औषधालयांचे मालक या दोघांसाठीही आहे, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. वैद्य बाहेरगावी गेलेले असतात. रुग्ण दारात उभा राहतो : ‘वहिनी, मागच्या वेळच्याच पुड्या द्या.’ वहिनी किंवा घरातील मुलगा कपाट उघडून देतो. पुष्कळ घरांत हे नित्याचे आहे. परंतु औषधी द्रव्य व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या अनुसूचीत वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, जयपाल, धत्तूर, पारद आदी द्रव्ये येतात. ती पोटात घ्यावयाच्या औषधांत असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. देखरेख हा शब्द येथे नुसता छापण्यापुरता नाही. मागच्या पुड्यांनंतर रुग्णाला काय झाले, मधल्या काळात गर्भधारणा झाली का, दुसऱ्या डॉक्टरांनी कोणते औषध सुरू केले, हे विचारल्यावाचून दिलेली ‘तीच’ पुडी तीच राहत नाही.

म्हणून घरच्या दवाखान्यात दोन कपाटे असावीत. विषद्रव्ययुक्त कल्प आणि रसौषधी यांचे कपाट कुलूपबंद, किल्ली फक्त वैद्याकडे. दुसऱ्यात साधी चूर्णे, आसव-अरिष्टे, तेले. तीही वैद्याने रुग्णपत्रिकेवर लिहून ठेवले असेल तरच घरच्यांनी द्यावीत. प्रत्येक पुडीवर रुग्णाचे नाव, औषध, दिनांक, मात्रा, वेळ आणि अनुपान लिहिलेले असावे. लहान मुले असलेल्या घरात गोड चवीच्या वटीचा डबा हाताशी राहता कामा नये, हे वेगळे सांगावयास नको.

औषधनिर्मितीचीही एक सीमा आहे. नोंदणीकृत वैद्याने स्वतः तयार करून आपल्याच रुग्णांना दिलेली औषधे, ती बाजारात विकली जात नसतील तर, २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’मधील उत्पादनविषयक अटींतून मुक्त ठेवली आहेत. ही सवलत आपल्या रुग्णापुरती आहे. घरी केलेले केशतेल किंवा चूर्ण शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवले की ती ओलांडली जाते. औषधालयाच्या मालकांनीही वैद्यमित्राच्या आग्रहाखातर असा माल फळीवर ठेवू नये. तसेच शटर अर्धे ओढल्यावर मागच्या दाराने रसकल्प मागणाऱ्यास ‘वैद्यांची चिठ्ठी आणा’ असे सांगण्यात गिऱ्हाईक तुटण्याची भीती बाळगू नये.

अर्थ, आप्त आणि कुटुंब

घरी आलेल्यास पाहुणा समजण्याची आपली रीत आहे. त्यामुळे घरच्या दवाखान्यात शुल्क मागताना जीभ अडखळते. चहा झाला, मुलांची चौकशी झाली, आता पैसे कसे मागावेत? शुल्काचा फलक दर्शनी भागी असेल तर हा संकोच दोघांचाही वाचतो. गरजूंना सवलत अवश्य द्यावी. पण कोणास, किती, हे वैद्याने ठरवावे, रुग्णाच्या बोलण्याच्या हातोटीने ठरू नये. उधारीची वही ठेवावी लागत असेल तर तिला मर्यादेची रक्कम असावी. दवाखान्याचे पैसे घरखर्चाच्या डब्यात जाऊ नयेत. बँकेत वेगळे खाते असावे आणि वैद्याने त्यातून दरमहा ठरलेली रक्कमच घरासाठी काढावी. खर्च व प्राप्ती वेगळी दिसू लागली की, रात्री आठनंतर पाहिलेल्या रुग्णांमुळे प्रत्यक्षात किती भर पडली हेही दिसते. तो आकडा पुष्कळदा आपल्या समजुतीपेक्षा लहान असतो.

कुटुंबाचा विचार सर्वांत शेवटी होतो, तो खरे तर प्रथम व्हावा. घरच्या दवाखान्यात पत्नी, आई, मुले हे न विचारता नेमलेले परिचारक असतात. दार उघडणे, क्रमांक देणे, निरोप घेणे, काढ्याचे पातेले मंद आचेवर सांभाळणे ही कामे त्यांच्याकडे आपोआप येतात. ज्यांच्याकडून हे काम घ्यावयाचे त्यांना विचारून घ्यावे, त्याची वेळ ठरवावी, आणि शक्य असेल तर दिवसाचे तीन तास तरी पगारी मदतनीस ठेवावा.

वैद्यभगिनींची अडचण दुहेरी आहे. ‘बाई घरीच असतात’ या समजुतीने त्यांच्याकडे कोणीही केव्हाही येते. पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी बाळांना घेऊन आलेल्या माता सकाळी सातपासून जिन्यात उभ्या असतात आणि आत स्वतःच्या मुलाचा डबा भरायचा असतो. पुष्य नक्षत्र साधारण २७ दिवसांनी येते, ते पंचांगात आधीच दिसते. त्या दिवसाची वेळ, क्रमांक आणि मदतनीस आधीच्या आठवड्यात ठरविता येतात. पाटीवर ‘घरी’ या शब्दाऐवजी ‘चिकित्सालय’ लिहावे आणि त्या वेळेत घरचे काम सांगू नये, हे सासरच्यांनाही एकदा स्पष्ट पण प्रेमाने सांगावे.

आत्ययिक अवस्था

मर्यादेला अपवाद असतोच. सुश्रुताचार्यांनी अतिपाती रोगांत नेहमीचा विधी बाजूला ठेवून, पेटलेले घर विझवावे तशी त्वरा करण्यास सांगितले आहे. प्रश्न एवढाच की पेटलेले घर कोणते आणि तापलेली चूल कोणती, हे ठरविण्याचा. अवेळी आलेल्यास दारातच दोन प्रश्न विचारून हे ठरविता येते. छातीत दुखून घाम येणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, सर्पदंश, लहान मुलास तापात झटके, गर्भिणीस रक्तस्राव अशा अवस्थांत घरच्या दवाखान्यात वेळ घालविणे हाच अपाय होय. रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था तत्काळ करावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यावर अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर काम करीत आले आहेत. हा क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि आपली वेळ हे तिन्ही दारावरच्या पाटीवर असावे. दार बंद असले तरी रुग्ण वाऱ्यावर सुटत नाही.

दुसरा अपवाद शोधनाखालील रुग्णांचा. ज्याला आपण वमन किंवा विरेचन दिले आहे, त्याला त्या दिवशी आणि त्या रात्री आपल्याशी थेट बोलता आलेच पाहिजे. अतियोगाची लक्षणे आणि रात्रीचा क्रमांक लिहिलेले एक पत्रक त्याच्या हाती द्यावे. सर्वांना सर्व काळ खुला असलेला क्रमांक खऱ्या गरजूच्या वेळी व्यग्र लागतो. मोजक्यांना दिलेला क्रमांक लागतोच.

आरंभ कसा करावा

हे सर्व नियम एका दिवसात लागू करू गेल्यास रुग्ण बिचकतील आणि घरचेही. सात्म्य झालेली वाईट सवयही हळूहळूच सोडावी, हे आपले शास्त्रच आहे. अहित सवयीचा चतुर्थांश सोडीत हिताचा चतुर्थांश वाढवीत नेण्याचा क्रम आपण रुग्णांना सांगतोच. तोच येथे वापरावा. पहिल्या पंधरवड्यात फक्त दुपारच्या जेवणाची वेळ सांभाळावी. दुसऱ्यात दूरध्वनीची वेळ लावावी. तिसऱ्यात कपाटांची विभागणी, चौथ्यात शुल्काचा फलक. प्रत्येक बदल पाटीवर आठवडाभर आधी लिहावा.

काही रुग्ण जातील, हे मान्य करूनच आरंभ करावा. जे केवळ अवेळी उघड्या दारामुळे येत होते ते दुसरे उघडे दार शोधतील. जे आपल्या चिकित्सेसाठी येतात ते वेळ पाळून येतील. एकाच गल्लीत तीन दवाखाने असतील तर स्पर्धेचे भय खरे आहे. त्यावर उपाय एकट्याने करावयाचा नाही. गावातील चार वैद्यांनी मिळून सुट्टीचे वार वाटून घ्यावेत आणि एकमेकांचे रुग्ण त्या दिवशी पाहून, औषध लिहून, परत मूळ वैद्याकडेच पाठवावेत. असा परस्परांवरील विश्वास वाढविणे हे आपल्या संघटनेचेही काम आहे. जिल्हा शाखांच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा आणि ज्यांनी आपल्या गावी अशी व्यवस्था बसविली आहे त्यांनी ती इतरांस सांगावी, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.

स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन, आर्ताचे रोगप्रशमन दुसरे. त्या पहिल्या प्रयोजनाच्या यादीत वैद्याचे व त्याच्या घरच्यांचे नावही असते. वाड्याबरोबर ओसरी गेली. पण पाटीवरील वेळ, कपाटाची किल्ली आणि दुपारचे वेळेवरचे पान एवढ्यांनी ती प्रत्येकाला आपल्या घरी पुन्हा बांधता येते.